एअर बेड आणलाय ना? मग त्याच्याखाली हात घालून बघा

आईचा खुबा मोडला, ऑपरेशन करून घरी आणली, बेडसोअर (एकाच जागी पडून राहिल्याने दाबाने होणारी जखम) होऊ नये म्हणून लगेच एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, घेतला आणि आम्ही निवांत झालो. आठ दिवसांत माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग! कारण काय, तर बेड गार लागतो म्हणून आम्हीच वरून गोधडी दुहेरी करून टाकलेली, त्यामुळे खालच्या हवेचा काही उपयोगच होत नव्हता. वर एक पातळ सुती चादर, बस.

हाड आणि गादीच्या मधे कातडी चेपली की तिथलं रक्त थांबतं. आपण झोपेतही कूस बदलतो, पेशंटला ते जमत नाही. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू हे सगळं रोज स्पंजिंग करताना चांगल्या उजेडात बघायचं. लाल दिसलं तर बोटाने दाबा, पांढरं पडून परत लाल झालं तर रक्त फिरतंय, पण दाबूनही लालच राहिलं तर बेडसोअर सुरू झालाय समजा. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का. आणि तिथे तेल लावून चोळू नका हो, आतलं नाजूक झालेलं मांस अजून दुखावतं. माकडहाडाखाली ठेवतात ती हवेची गोल रिंगही नको, तिच्या काठावर उलट दाब वाढतो.

आता बेड. पेशंट झोपलेला असताना एअर बेड आणि खालची गादी यांच्या मधून, बरोबर माकडहाडाखाली, तळहात वर करून हात सरकवा. हात आणि हाड यांच्यात निदान इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाताला हाड टेकलं (आमचं टेकलं होतं!) तर बेड असून नसल्यासारखा. त्यातले फुगे आळीपाळीने भरतात आणि उतरतात, तेव्हा उतरलेल्या फुग्यांच्या वेळीच बघा, नाहीतर फसाल. डोक्याकडची बाजू उचलूनही एकदा बघा, कारण तेव्हा सगळं वजन माकडहाडावर येतं. पंपाची कळ पेशंटच्या वजनाप्रमाणे ठेवायची, जास्त फुगवला तर बेड दगडासारखा होतो. नळी कुठे मुडपली नाही ना तेही बघा, आमची एकदा कॉटच्या पायाखाली चेपलेली. पेशंट जड असेल किंवा जखम आधीच असेल तर बुडबुड्यांच्या स्वस्त बेडपेक्षा आडव्या नळ्यांचा जाड बेड घ्या असं मी म्हणेन. लाइट गेली की पंप बंद, हेही धरून चाला.

बेड कितीही भारी असो, कूस बदलायचीच. साधारण दर २ तासांनी, ३० अंशांत कलतं, पाठीशी उशी (आमच्यासारखं ऑपरेशन झालं असेल तर कुठली कूस चालेल ते आधी डॉक्टरांना विचारा). पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी. जेवण सोडून डोकं ३० अंशांपेक्षा जास्त उचलू नका, माणूस खाली घसरतो आणि कातडी आत खेचली जाते. वर सरकवताना दोघांनी चादरीने उचलायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही. डायपर ओला राहू देऊ नका.

कातडी फुटली, काळी पडली, वास आला, ताप आला तर घरगुती मलम नको, थेट डॉक्टर.

आमच्याकडे आता रात्री १२ चा अलार्म बायकोचा, २ चा माझा. ४ ला आई स्वतःच हाक मारते.