कोकणात नव्याने राहायला आलात? गाडीचं ऑइल घरी बदलण्याआधी हे वाचा

मीही घाटावरूनच रत्नागिरीत आलो, म्हणून सांगतो. इथली हवा खारी आणि अंगण जांभ्याचं. ऑइल वरून पंपाने ओढायचं की खालून चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट काढून सोडायचं, ते यावरच ठरतं.

पावसाळ्यात वेळ आली तर पंप बरा. इंजिन थोडं गरम करून बंद करा, डिपस्टिकच्या नळीतून पंपाची बारीक नळी तळाला टेकेपर्यंत सोडा. गाडी उचलावी लागत नाही, छपराखाली काम उरकतं. मात्र निघालेलं ऑइल मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताळा करा. फारच कमी आलं तर नळी थोडी मागे ओढून पुन्हा सोडा. काही गाड्यांत ती तळापर्यंत पोचतच नाही, तिथे हा नाद सोडा. फिल्टर खालच्या अंगाला असेल तर गाडीखाली शिरणं तसंही चुकत नाही.

तरी पाऊस सरून जमीन वाळली की एकदा खालूनच बदला, असा माझा आग्रह आहे. पंपाने ऑइल निघतं, पण चेंबर दिसत नाही. पत्र्याच्या चेंबरचा रंग फुगून पापुद्रे सुटलेत का, नटाभोवती ओल आहे का, हे खाली गेल्यावरच कळतं. गंजलेल्या नटाला उघडा पाना लावू नका, कोपरे झिजतात. सहा कोनी सॉकेट लावा. वॉशर दर वेळी नवा. नट आधी बोटांनी बसवा, मग पाना.

आणि गाडीखाली जांभ्याच्या चिऱ्यांची चळत कधीही लावू नका! अंगणात चिरे पडलेले असतात, हात आपसूक तिकडे जातो. पण जांभा सच्छिद्र दगड. एका जागी भार आला की फुटतो, आणि खाली तुम्ही असता. सिमेंटच्या सपाट कोब्यावर स्टँडच लावा. नुसत्या जॅकवरही विसंबू नका.

काळं ऑइल माडाच्या आळ्यात किंवा गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) ओतू नका. याच सच्छिद्र जमिनीतून ते विहिरीत उतरतं, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्याही. बंद कॅनमध्ये साठवा आणि जुनं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडे पोचवा. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा, तोही सोबत द्या.