पोरांचं खाणं आणि वजन : या चुका आम्ही केल्या, तुम्ही टाळा

आमच्याकडे दोन नमुने आहेत. धाकट्याला खालच्या गाडीवरून वडे तळल्याचा वास आला की नुकताच जेवून उठलेला असला तरी "आई भूक", आणि मोठी पाऊण तास ताटासमोर, वरणभाताचा पार गोळा होईपर्यंत. लंडनमध्ये जेन वॉर्डल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2001 साली पालकांसाठी 35 प्रश्नांची यादी बनवली, त्यात हेच विचारतात, खाणं दिसलं की राहवत नाही का, पोट लवकर भरतं का, नखरे किती. पुढे बऱ्याच अभ्यासांत दिसलं की धाकट्यासारख्यांचं वजन साधारण जास्त भरतं, मोठीसारख्यांचं कमी. जुळ्यांवरच्या अभ्यासातून कळलं की यात बराच भाग जन्मतःच येतो, म्हणजे आईने लाडावलं वगैरे टोमणे बंद करा प्लीज.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "ताट संपव". पोरगं बास म्हणतं आणि आपण एक घास चिऊचा एक घास काऊचा करत अजून चार कोंबतो (आता तर चिऊकाऊ पण मोबाईलवरच असतात), मग पोट भरलं ते ऐकायची सवयच जाते. मी आता धाकट्याला अर्धी पोळी वाढते, अजून मागितली तर दहा मिनिटं गप्पा मारते आणि मग विचारते, निम्म्या वेळा तो विसरून खेळायला पळालेला असतो. लगेच वाढायला हात शिवशिवतात, खरं सांगते.

दुसरी चूक, वेफर्स घरात आणून वरच्या फळीवर लपवायचे. घरात ठेवून नाही म्हटलं की पोरांचं लक्ष तिथेच अडकतं, त्यापेक्षा आणूच नका, रविवारी चौपाटीवर सगळ्यांनी मिळून भेळ खा. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" पण नको, त्याने भाजी शिक्षा वाटते. आणि पडला रडला की लगेच बिस्किट, हे तर आमच्या घरी आजीचं खातं, अजून पूर्ण सुटलेलं नाही.

हळू खाणारीला घाई करू नका, फक्त जेवणाआधी तासभर दूध-बिस्किट बंद. नवी भाजी चमचाभरच, दहा-बारा वेळा तरी समोर येऊ दे, ओरडा न करता.

वजन बिल्डिंगमधल्या पोरांशी नाही, डॉक्टरकडच्या ग्रोथ चार्टवर (वयाप्रमाणे वजन-उंचीची रेष काढतात तो तक्ता) बघा. रेष स्वतःच्याच चालीने जात असेल तर बारीक पोरगंही ठीक असतं, पण रेष एकदम वर चढली किंवा खाली घसरली, किंवा गिळताना सारखा ठसका लागतोय, तर थांबू नका, दाखवून या.