भीमाकाठी रंगीत खापरे सापडली? या चुका टाळा

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी ओसरले की काठावर कुणाला ना कुणाला खापरे दिसतात आणि ‘हडप्पाचे मडके सापडले’ म्हणून फोटो फिरू लागतात. लाल भांड्यावर काळी नक्षी म्हणजे हडप्पाच, ही पहिली चूक. दख्खनच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची स्वतःची रंगीत भांडी होती. त्यांची जोर्वे संस्कृती साधारण इ.स.पू. १४०० ते १००० या काळातली. प्रवरेकाठच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, त्यावरून हे नाव पडले. याच संस्कृतीची वस्ती सापडलेले घोड नदीवरचे इनामगाव तर भीमेच्याच खोऱ्यातले आहे.

मग ओळखायचे कसे? जोर्वेचे भांडे चाकावरचे, चांगले भाजलेले. टिचकी मारली तर खणखणते. तांबूस लेप, त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघा, जाळी, चौकटी. कडेला कोन काढलेले वाडगे आणि लांब तोटीचे गडू ही त्याची खास घडण. हा रंग भाजण्याआधी दिलेला असतो, त्यामुळे ओले बोट फिरवले तरी निघत नाही. बोट काळे झाले तर ती चुलीची काजळी समजा. काचेसारखी झिलई दिसली तर तुकडा बहुधा फार नंतरचा.

खापर ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका, नक्षी जाईल. खिशात घालून घरीही आणू नका. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडले होते, यावरूनच त्याचा काळ ठरतो. जागेवरच शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो घ्या आणि गट नंबर लिहून ठेवा.

सगळ्यात मोठे नुकसान पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या टेकाडात होते. माळवदावर किंवा शेतात टाकायला पांढरीची माती जेसीबीने उचलतात, आणि त्या मातीबरोबर अख्खी वस्ती जाते. इनामगावात घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले दोन-दोन रांजण निघाले, आत लहान मुलांची हाडे. असे जोडरांजण दिसले तर कृपा करून धन समजून फोडू नका. कुणीतरी आपले लेकरू उंबऱ्याच्या आत, घरातच ठेवले होते. काम तिथेच थांबवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे.