माण-खटाव नकाशावर दिसत नव्हते, तेव्हा

सातारा जिल्ह्याच्या ११ तालुक्यांपैकी माण आणि खटाव हे दुष्काळी तालुके मला यूमॅपवर (स्वतःचे नकाशे बनवायची वेबसाइट) रंगवून दाखवायचे होते. सीमांची जिओजेसन फाइल (जागांचे अक्षांश-रेखांश लिहिलेली फाइल) चढवली, पण जिल्ह्यात काहीच दिसेना. नकाशा लहान करत गेलो, तर दोन्ही तालुके नॉर्वेच्या उत्तरेला, थेट समुद्रात! जिओजेसनमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लागतो. माझ्या फाइलमध्ये १७.६, ७४.५ असा उलटा क्रम होता. आकड्यांची अदलाबदल केली, प्रत्येक सीमेचा शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूशी जुळतोय ना ते पाहिलं, आणि तालुके जागेवर आले. रंग मात्र फिकाच ठेवा, अपारदर्शकता साधारण ३० टक्के. गडद रंगाखाली दहिवडी, वडूज ही गावांची नावं झाकली जात होती, आणि मला ती दिसायलाच हवी होती.