टेबलावरील अंतराळयुद्धात फायटरच्या तुकड्यांचा तोल कसा साधावा

टेबलावर अंतराळजहाजांच्या प्रतिकृती फाशांनी लढवण्याच्या खेळात दोन्ही ताफ्यांचे पॉइंट सारखे ठेवले की लढत बरोबरीची होते, असा सल्ला नव्या खेळाडूंना सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. पॉइंट ही जहाजाची किंमत असते. त्याची ताकद मात्र ते कोणत्या जहाजांसोबत उतरते आणि समोर कोण उभे आहे यावर ठरते. हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो फायटरच्या, म्हणजे तुकडीने हल्ला करणाऱ्या छोट्या लढाऊ यानांच्या बाबतीत, म्हणून या लेखातील बहुतेक जागा त्यांनाच दिली आहे.

टेबल, फासे आणि जहाजे तयार आहेत असे धरून सुरुवात करू. प्रत्येक बाजूला चार ते सहा जहाजे पुरेशी आहेत. केवळ शत्रूचा नाश हे उद्दिष्ट ठेवू नये. ठरावीक फेऱ्यांत टेबलाची दुसरी कड गाठणे किंवा एखाद्या तळाचे रक्षण करणे, असे काही ठेवावे. हालचालीचे हुकूम दोघांनी आधी लिहावेत आणि एकाच वेळी उघड करावेत.

गोळीबार एका जहाजावर एकवटावा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलेला वर्गाचा नियम येथे लागू पडतो: सारख्या दर्जाची दहा जहाजे आठ जहाजांशी अखेरपर्यंत लढली, तर दहामधून दोन नव्हे, सुमारे सहा उरतात, कारण शंभरातून चौसष्ट वजा केल्यावर छत्तीस राहतात आणि छत्तिसाचे वर्गमूळ सहा. संख्येतील थोडी आघाडी निकालात किती मोठी होते, हे ध्यानात ठेवूनच पुढचा भाग वाचावा.

आता फायटर. यात माझी दोन वर्षे वाया गेली. ‘फुल थ्रस्ट’ या खेळाचे फासे उदाहरणासाठी घेऊ. तेथे एका तुकडीत सहा फायटर असतात आणि प्रत्येक फायटरसाठी एक फासा टाकला जातो: ४ किंवा ५ पडल्यास एक हानी, ६ पडल्यास दोन हानी आणि आणखी एक फासा. एका फाशाची सरासरी ०.८ येते. फायटर पाडणाऱ्या बचाव तोफेच्या फाशाचेही हेच गणित आहे. समजा, हल्ल्याच्या जागी मारा करू शकतील अशा दहा बचाव तोफा आहेत. त्या एका फेरीत सरासरी आठ फायटर पाडतील. एक तुकडी आली तर सहाही फायटर संपतात आणि जहाजाला ओरखडाही उठत नाही. दोन तुकड्या आल्या तर चार फायटर उरतात आणि ३.२ हानी होते. चार तुकड्या आल्या तर सोळा उरतात आणि हानी १२.८ होते. दोनाच्या चार तुकड्या केल्या आणि हानी चौपट झाली. पॉइंट मात्र दुप्पटच लागले.

ही चूक सुधारण्यासाठी मीही आधी तेच केले जे सगळे सुचवतात: फायटरची किंमत दीडपट केली. परिणाम उलटा झाला. एक-दोन तुकड्या घेणाऱ्याला आणखी तोटा झाला, आणि सगळे पॉइंट फायटरवर लावणारा खेळाडू बचावाचा उंबरठा, म्हणजे तोफा एका फेरीत पाडू शकतात तेवढी फायटरची संख्या, तरीही ओलांडू लागला. काही डावांतच आमच्याकडे दोनच प्रकारचे ताफे उरले, एकही फायटर नसलेले आणि फायटरशिवाय काहीच नसलेले. त्यानंतर प्रत्येक जहाजावर जादा बचाव तोफा बसवून पाहिल्या. त्याने उंबरठा फक्त वर सरकला, आणि समोरच्याने फायटर आणलेच नाहीत तर त्या तोफांचे पॉइंट पाण्यात गेले. मग डावाचा निकाल टेबलावर न लागता ताफा लिहितानाच्या अंदाजावर लागू लागला. म्हणून ठामपणे सांगतो: हा प्रश्न किमतीने सुटत नाही. दोष नियमाच्या बांधणीत आहे, आणि तेथेच हात घातला पाहिजे.

बदल असा करावा. प्रत्येक बचाव तोफेने त्या फेरीत येणाऱ्या प्रत्येक तुकडीवर स्वतंत्र फासा टाकावा, पण ५ किंवा ६ पडल्यासच एक फायटर पडावा आणि ६ वर जादा फासा मिळू नये. मग दहा तोफा दर तुकडीतील सरासरी ३.३ फायटर पाडतात, २.७ उरतात आणि साधारण २.१ हानी होते. चार तुकड्यांची हानी सुमारे ८.५ म्हणजे चौपटच होते. एकटी तुकडी आता निरुपयोगी राहत नाही आणि झुंडीला फुकटचा फायदा मिळत नाही. फासे जास्त टाकावे लागतात, हे खरे. एका तुकडीसाठीचे दहाही फासे एकदम टाकले की वेळ फारसा वाढत नाही. फायटरची किंमत ठरवण्याला अर्थ येतो तो यानंतरच.

चाचणी घेताना एका वेळी एकच नियम बदलावा. तोच प्रसंग, तेच ताफे ठेवून बाजू बदलून दोनदा खेळावे. फायटर नसलेला, निम्म्या पॉइंटचे फायटर असलेला आणि निव्वळ फायटरचा, असे तिन्ही ताफे एकमेकांशी लढवून पाहावेत, कारण नियम मोडतो तो टोकाला. मधल्या ताफ्यांत तो बहुधा ठीकच दिसतो. एका डावात फाशांनी साथ दिली नाही म्हणून लगेच नियमाला हात लावू नये. टेबलावर बसण्याआधी सरासरी कागदावर काढली, तर निम्म्या चाचण्या वाचतात.

नियम बसल्यावर बचावाची मदार रक्षक जहाजांवर येते. शेजारच्या जहाजाला आपल्या तोफांनी झाकण्याची मुभा तुमच्या खेळात असेल, तर रक्षक जहाजाचा हुकूम मोठ्या जहाजाच्या हुकुमाला लागूनच लिहावा: तोच वेग, तेच वळण. मोठे जहाज वळले आणि रक्षक सरळ गेले, की एकाच फेरीत दोघांमधले अंतर तोफांच्या टप्प्याबाहेर जाते, आणि हल्लेखोराने आपल्या तुकड्या त्याच फेरीसाठी राखून ठेवलेल्या असतात.