शर्मन टँकचा पट्टा किती ताणायचा

शर्मन या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन टँकचं १/६ स्केलचं चालणारं मॉडेल करत असाल तर एक लक्षात घ्या, खरा टँक साधारण ५.८४ मीटर लांब म्हणजे आपला जवळपास ९७ सेंटीमीटर होतो, आणि पत्रा, मोटर, बॅटरी धरून वजन इतकं भरतं की टेबलावर टाईट वाटलेला पट्टा जमिनीवर सस्पेन्शन दबलं की ढिला पडतो. म्हणून ताण बघायचा तो बॅटरी आत टाकून, जमिनीवर ठेवूनच.

शर्मनचं ड्राइव्ह स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक) पुढे असतं नि आयडलर (पट्टा ताणून धरणारं मोकळं चाक) मागे, त्यामुळे ताण मागूनच द्यायचा. दोन्हीकडचे आयडलरचे नट मोजून सारखेच फिरवा, मी मार्करने खूण करतो. वरचा पट्टा रोलरच्या मध्ये बोटाने दाबला की जरासा खाली गेला पाहिजे, तारेसारखा ताठ असेल तर मोटर तापते, गिअरबॉक्सची वाट लागते, आणि फार सैल असेल तर वळताना दात सोडतो.

मखमलाबादला द्राक्षबागेच्या बांधावर माझा टँक चालता चालता अडला, बघतो तर स्प्रॉकेटच्या दातांत चिकट काळी माती गच्च बसलेली आणि पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणलेला. तेव्हापासून आपल्या काळ्या मातीत उतरायच्या आधी मी दोन्ही नट अर्धा आटा सैल करतो. घरी आल्यावर माती ओली असतानाच जुन्या टूथब्रशने काढा, वाळली की दगड होते.