मावशीच्या फोनवर उघडतंय का ते आधी बघा

पॉडकास्टचे पहिले चार भाग चढवून झाले तेव्हा मोजलं, ऐकणारे एकोणीस. त्यातला एक मी आणि दुसरा ज्याची मुलाखत घेतली तो. मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो, दिवसा औषधांच्या दुकानात असतो. रात्री शटर ओढलं की आमच्याकडच्या जत्रांत होणाऱ्या मराठी नाटकांवर पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवर ऐकायचा कार्यक्रम, करतो. पेटीवाले, प्रॉम्प्टर, एके काळी स्त्रीपार्ट केलेले आजोबा असे लोक बोलतात. माल चांगला होता, गिऱ्हाईक नव्हतं. जाहिरातीला पैसे नव्हते, म्हणून फुकटातली साधनं धुंडाळली. कामाला आलेली आणि न आलेली, दोन्ही सांगतो.

सुरुवात मावशीपासून. तिला लिंक पाठवली आणि पाच मिनिटांत फोन आला, "हें उगडना मरे!" जाऊन बघतो तर लिंक तिला आधी अ‍ॅप उतरवायला सांगत होती, आणि फोनमध्ये भजनांच्या व्हिडिओंनी जागाच ठेवली नव्हती. ज्यांनी ही नाटकं रात्र जागून बघितली ते सगळे मावशीच्याच वयाचे. त्यांना पॉडकास्ट हा शब्द माहीत नाही, यूट्यूब मात्र बरोबर सापडतं. तेव्हापासून नवी लिंक कुठेही टाकण्याआधी मी तिच्या फोनवर दाबून बघतो.

आवाज ठेवायला स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स फुकट आहे. पूर्वीचं अँकर ते हेच. सेटिंगमध्ये जाऊन आरएसएस फीड (नवे भाग इतर अ‍ॅपना पोचवणारी सोय) चालू करा, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाचा एक पत्ता मिळेल. तो अ‍ॅपल पॉडकास्ट्स कनेक्टमध्ये एकदा द्यायचा, पुढचे भाग तिथे आपोआप जातात. त्यासाठी आयफोन लागत नाही, अ‍ॅपलचं खातं पुरतं. जुन्या लेखांत गूगल पॉडकास्ट्सचं नाव दिसेल, ते 2024 मध्ये बंद झालं. यूट्यूबसाठी मी एका चित्रावर आवाज बसवून व्हिडिओ करतो, आणि यूट्यूब स्टुडिओत त्यांची प्लेलिस्ट पॉडकास्ट म्हणून नोंदवली आहे. माझे निम्म्याहून जास्त ऐकणारे तिथलेच.

आता शोध. प्रत्येक भागासाठी गूगलच्या ब्लॉगर या संकेतस्थळावर एक छोटं पान करा: कोण बोललं, कुठल्या गावचं, कुठल्या नाटकाविषयी. गूगलला आवाज नाही, अक्षरं दिसतात. शीर्षक मराठीत दिलं की ब्लॉगर पानाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' असा काहीतरी निरर्थक करून टाकतो. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या परमालिंकमध्ये रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः लिहा. नंतर बदलायचं म्हटलं तर आधी वाटलेल्या लिंका तुटतात. आणि छापखान्यातून आलेला जाहिरातीचा मजकूर तसाच चिकटवू नका. जुन्या डीटीपी फॉन्टमधला असेल तर पानावर नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी लिहितो त्या अक्षरांत, पुन्हा टाइप करा. हात दुखत असतील तर गूगल डॉक्समध्ये बोलून टाइप करता येतं, मराठी कळतं त्याला. आमचं 'गा' आणि 'मरे' मात्र कळत नाही.

मग गूगलच्या सर्च कन्सोलला ब्लॉग जोडा. फुकट आहे, आणि माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत मोलाचं. लोकांनी काय टाइप केलं म्हणून तुमचं पान समोर आलं, ते तिथल्या यादीत दिसतं. मी एका भागाला 'पेट्रोमॅक्सच्या उजेडात' असं नाव दिलं होतं. स्वतःवरच खूश होतो. तीन महिन्यांत त्या पानावर शोधातून कोणीही आलं नाही. यादी उघडली तर लोक रोमन अक्षरांत 'गोवा मराठी नाटक', 'जत्रा नाटक' असं लिहीत होते. पुढे गायिका केसरबाई केरकरांवर भाग केला तेव्हा शहाणपण आलेलं होतं. त्या आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, आणि 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची भैरवी आहे. शीर्षकात नाव, गाव आणि व्हॉयेजर, तिन्ही शब्द घातले. पहिल्या ओळीत तेच एकदा रोमन लिपीतही लिहिलं. ते पान अजून लोक आणतं. पेट्रोमॅक्स आता आत, दुसऱ्या परिच्छेदात जळतोय.

कुठे काय शोधलं जातं ते दाखवणारं गूगल ट्रेंड्सही बघितलं. भारतातून गोवा निवडलं की आपल्या विषयाला बहुतेक वेळा पुरेसा डेटा नाही एवढंच कळतं. सोडून दिलं.

चित्र करायला कॅनव्हा हे संकेतस्थळ. मुखपृष्ठ चौकोनी हवं, अ‍ॅपलला किमान 1400 बाय 1400 पिक्सेल लागतं. सरळ 3000 बाय 3000 करा. मुक्त किंवा बलू हे फॉन्ट देवनागरीत नीट चालतात. दुसरा कुठला घेतलात तर 'वाऱ्यावर' हा शब्द लिहून बघा, 'ऱ्या' मोडला तर तो फॉन्ट सोडा. शेवटी चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून वाचा. फोनवर ते तेवढंच दिसणार आहे.

क्यूआर कोडाने मात्र मला चांगलाच धडा दिला. माघात मंगेशीची जत्रा असते. त्या सुमारास वाटायला एका फुकट म्हणवणाऱ्या संकेतस्थळावर कोड करून दोनशे पत्रकं छापली. दोन आठवडे छान चाललं, मग कोड स्कॅन केला की 'मुदत संपली, पैसे भरा' असं येऊ लागलं. तो कोड माझ्या पानाचा नव्हताच. तो आधी त्यांच्या पत्त्यावर जायचा आणि तिथून माझ्याकडे. साध्या कोडात तुमचा पत्ताच त्या काळ्या चौकोनांत असतो, तो कधी संपत नाही. असा कोड क्रोममध्येच होतो: पान उघडा, शेअर करा, क्यूआर कोड निवडा. मधे छोटा डायनासोर येतो, तरी स्कॅन होतो. पत्ता जितका छोटा तितके चौकोन मोठे. मांडवातल्या अंधुक दिव्यात त्याचा फरक पडतो. छापायला देण्याआधी एक प्रत काढून दोन हातांवरून स्कॅन करा.

राहिलं व्हॉट्सअ‍ॅप, म्हणजे खरं तर सगळंच. गावच्या ग्रुपवर मी महिन्याला एकदाच टाकतो, नुसती लिंक नाही, बरोबर दोन ओळी: "मामांनी सांगितलेली पडदा फाटल्याची गोष्ट, बाराव्या मिनिटाला." मिनिट लिहिलं की लोक तिथेच जातात, आणि मग बाकीचंही ऐकतात. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. हे मला उशिरा कळलं. अर्ध्या यादीला मी वर्षभर हवेत बोलत होतो. अनोळखी ऐकणाऱ्यांसाठी चॅनल काढा, तिथे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

आणि एक उलट रस्ताही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपची wa.me वाली छोटी लिंक असते, तिच्यापुढे 91 आणि नंबर लिहायचा, अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही. ती प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवली आहे. दाबली की थेट मला निरोप येतो. बहुतेक लोक लिहीत नाहीत, आवाज पाठवतात. गेल्या महिन्यात मावशीचा आला, पावणेचार मिनिटांचा: मी ज्याला सूत्रधार म्हटलं तो त्या वर्षी आजारी होता, काम त्याच्या भावानं केलं होतं. तिची परवानगी घेऊन तो निरोप तसाच पुढच्या भागाला जोडला.